आधी ते, मग हे : नेटवर्क ड्रायव्हरांच्या जुळणीचा प्रश्न

वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना संतवाङ्‌मय, इतिहास, अर्थकारण, शेती हे विषय अंगवळणी पडलेले असतात. त्या पंगतीत संगणकाच्या पोटातील नेटवर्क ड्रायव्हरांची जुळणी हा विषय आणून बसवणे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. परंतु सातबाराचा उतारा, रेल्वेचे तिकीट, बँकेतील शिल्लक आणि मुलांचे परीक्षेचे निकाल ही सारी ज्या वाटेने आज आपल्यापर्यंत येतात, त्या वाटेवरचे अगदी शेवटचे दार म्हणजे आपल्या यंत्रातील नेटवर्क ड्रायव्हर होय. हे दार उघडले नाही, तर पलीकडे कितीही मोठा राजमार्ग असला तरी त्याचा आपल्याला उपयोग नाही. आणि हे दार पुष्कळदा मोडलेले नसतेच. ते मुळी बसवलेलेच नसते. ते का बसले नाही, याचा शोध कसा घ्यावयाचा, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो समजण्यास गणिताची पदवी लागत नाही. क्रमाने विचार करण्याची तयारी मात्र लागते.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करू. संगणक सुरू केल्यावर जी मूळ व्यवस्था जागी होते, जी स्मरणाची वाटणी करते, निरनिराळ्या कामांना पाळ्या लावून देते आणि जोडलेल्या उपकरणांशी बोलते, तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तिचा जो अगदी आतला भाग, तो कर्नल. आम्ही त्याला येथे ‘गाभा’ म्हणू. प्रत्येक उपकरणाची बोली वेगळी असते. गाभ्याला ती सारी बोली येत नाही. म्हणून प्रत्येक जातीच्या उपकरणासाठी एक दुभाषा ठेवावा लागतो. त्या दुभाष्याचे नाव ड्रायव्हर. तार ज्यात खोचतात ते इथरनेटचे कार्ड, किंवा बिनतारी वायफायची चकती, यांचे दुभाषे ते नेटवर्क ड्रायव्हर.

या विवेचनासाठी आम्ही लिनक्स ही प्रणाली घेतली आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. तिचे मूळ लिखाण सर्वांना खुले असल्यामुळे आत काय चालते ते कोणालाही वाचून पाहता येते. फिनलंडमधील हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने ऑगस्ट १९९१ मध्ये हिची पहिली वार्ता जगाला दिली. आज मोठमोठ्या संगणकांपासून खिशातल्या अँड्रॉइड फोनपर्यंत हाच गाभा काम करतो. फोनला, घरातल्या राउटरला आणि हवामानाचे गणित करणाऱ्या महासंगणकाला एकच गाभा कसा पुरतो, हा प्रश्न येथे साहजिकच उभा राहतो. त्याचे उत्तर असे की, लिखाण एकच असले तरी प्रत्येक जण त्यातून आपल्याला हवे तेवढेच निवडून घेतो. या निवडीलाच कॉन्फिगरेशन म्हणतात, आणि निवडलेल्या लिखाणाचे चालत्या गाभ्यात रूपांतर करण्याच्या क्रियेला बिल्ड, म्हणजे बांधणी.

पाणचक्कीचा दृष्टान्त

आपल्या शहराला परावलंबनाचा धडा नव्याने शिकवावयास नको. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खडकीत नहरीचे पाणी खेळवले, आणि पुढे अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की फिरू लागली. डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून यावयाचे, उंच भिंतीवर चढावयाचे, तेथून खाली पडावयाचे, त्या धारेने चाक फिरावयाचे आणि चाकाबरोबर जाते. पीठ हवे तर जाते हवे, जाते फिरावयास चाक हवे, चाकाला धार हवी, धारेला नळ हवा आणि नळाला झरा हवा. या साखळीतील एक कडी तुटली की पुढच्या साऱ्या कड्या धडधाकट असूनही निरुपयोगी होतात. शिवाय, पीठ मिळत नाही म्हणून जात्याला टाकी लावीत बसणारा मनुष्य कितीही कष्टाळू असला, तरी दोष नळात असेल तर त्याचे कष्ट फुकट जातात.

नेटवर्क ड्रायव्हराची स्थिती नेमकी अशीच असते. उदाहरण म्हणून रिअलटेक कंपनीच्या चकत्यांसाठी असलेला ‘आर ८१६९’ हा ड्रायव्हर घेऊ. घरगुती व कार्यालयीन संगणकांत या कंपनीची चकती फार आढळते, म्हणून हे उदाहरण आपल्या जवळचे आहे. ही चकती संगणकाला पीसीआय नावाच्या मार्गाने जोडलेली असते; तेव्हा गाभ्यात पीसीआयची व्यवस्था नसेल तर या ड्रायव्हराला जागाच नाही. चकतीचे दोन भाग असतात. एक भाग मजकुराचे तुकडे पाडून त्यांवर पत्ते घालतो. दुसरा, ज्याला फाय म्हणतात, तो प्रत्यक्ष तारेवर विजेचे संकेत सोडतो. या फायशी बोलण्याचे काम अनेक ड्रायव्हरांना करावे लागते, म्हणून ते एका सामायिक संग्रहात ठेवले आहे. त्याचे नाव फायलिब. रिअलटेकच्या फायसाठी त्यात आणखी एक खास दुभाषा आहे. याशिवाय काही चकत्यांना चालू होताना कंपनीने दिलेला छोटा मजकूर, म्हणजे फर्मवेअर, पाजावा लागतो; तो आणून देणारी व्यवस्था निराळी. एका साध्या कार्डामागे एवढा परिवार आहे.

तीन उत्तरांचा संसार

गाभ्याची बांधणी करण्यापूर्वी कर्त्याला प्रश्नावली भरावी लागते. हिच्यात आज दहा हजारांहून अधिक प्रश्न आहेत. अर्थात ते सगळे एका यंत्राला लागू होत नाहीत, आणि बहुतेकांची उत्तरे आधीच भरलेली असतात. पूर्वी ही प्रश्नावली एका जुन्या, ओबडधोबड भाषेत लिहिलेली होती. ती बदलण्याचे एकाहून अधिक प्रयत्न झाले. अखेर रोमन झिपेल याने रचलेली नवी भाषा ऑक्टोबर २००२ मध्ये गाभ्याच्या २.५.४५ या विकासाधीन आवृत्तीत स्वीकारण्यात आली. तिचे नाव केकॉन्फिग. तेव्हापासून तीच चालू आहे.

या भाषेचे वैशिष्ट्य असे की, पुष्कळ प्रश्नांना होय आणि नाही यांखेरीज तिसरेही उत्तर असते. ‘वाय’ म्हणजे हा भाग गाभ्यातच कायमचा बांधून टाका. ‘एन’ म्हणजे हा भाग नकोच. आणि ‘एम’ म्हणजे हा भाग तयार करा, पण बाहेर ठेवा. लागेल तेव्हा आत आणता येईल. अशा बाहेर ठेवलेल्या भागाला मॉड्यूल म्हणतात. भिंतीत चिणलेले कपाट आणि ट्रंकेतून नेता येणारे सामान यांत जो फरक, तोच वाय आणि एम यांत. सर्वांसाठी तयार गाभा पुरवणाऱ्या संस्था बहुतेक ड्रायव्हर एम म्हणून ठेवतात, कारण कोणाच्या यंत्रात कोणते कार्ड असेल हे त्यांना ठाऊक नसते.

हे तिसरे उत्तर फार सोयीचे आहे, परंतु साऱ्या गुंत्याचे मूळही तेच आहे. त्याचे कारण नीट पाहिले पाहिजे. गाभ्यात कायमचे बांधलेले सारे भाग बांधणीच्या शेवटी लिंकर नावाचे साधन एकत्र शिवते. एका भागाने दुसऱ्या भागातील क्रियेला हाक मारलेली असेल, तर ती क्रिया कोठे आहे तो पत्ता लिंकर तेथे लिहितो. आता समजा, ड्रायव्हर वाय आहे आणि त्याला लागणारे फायलिब एम आहे. ड्रायव्हर भिंतीत चिणला गेला. त्याने हाक मारलेली क्रिया मात्र ट्रंकेत, घराबाहेर. लिंकरला पत्ता सापडत नाही, तो ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ अशी तक्रार करून थांबतो, आणि तासभर चाललेली बांधणी शेवटच्या पायरीवर फसते. याच्या उलट स्थितीत, म्हणजे ड्रायव्हर एम आणि फायलिब वाय असताना, काही अडत नाही. बाहेरून आलेल्याला घरात काय कोठे आहे ते विचारता येते. तेव्हा नियम असा निघतो की, अवलंबून असणारा हा ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच्यापेक्षा अधिक ‘पक्का’ असता कामा नये.

विनंती आणि हुकूम

हा नियम पाळला जावा म्हणून केकॉन्फिगमध्ये दोन मुख्य शब्द आहेत. पहिला ‘डिपेंड्स ऑन’. ड्रायव्हराच्या नोंदीत ‘डिपेंड्स ऑन पीसीआय’ असे लिहिले, तर पीसीआय जेवढे पक्के तेवढाच ड्रायव्हर पक्का होऊ शकतो. पीसीआय नसेल तर ड्रायव्हराचा प्रश्न प्रश्नावलीत दिसतसुद्धा नाही. नवशिक्याला जो पहिला बुचकळा पडतो तो येथेच. आपल्या कार्डाचे नाव यादीत का नाही, हे त्याला कळत नाही, आणि लिनक्समध्ये हे कार्ड चालतच नाही असा निष्कर्ष काढून तो मोकळा होतो.

दुसरा शब्द ‘सिलेक्ट’. याची दिशा उलटी आहे. ड्रायव्हराच्या नोंदीत ‘सिलेक्ट फायलिब’ असे असेल, तर ड्रायव्हर निवडताच फायलिब आपोआप निवडले जाते, आणि निदान ड्रायव्हराइतके तरी पक्के केले जाते. कर्त्याला काही शोधावे लागत नाही. एवढी सोय असताना सगळीकडे सिलेक्टच का वापरू नये, असे कोणालाही वाटेल. पण यातच मेख आहे. सिलेक्ट हा हुकूम आहे, आणि हुकूम देणारा खालच्याची परिस्थिती विचारीत नाही. ज्या भागाला निवडले, तो स्वतः आणखी कशावर अवलंबून असेल, तर ती पुढची अट पुरी झाली आहे की नाही हे सिलेक्ट पाहत नाही. जाते फिरलेच पाहिजे असा हुकूम सुटला. नळाला पाणी आहे का, हे पाहणे कोणाच्याही कामात बसले नाही. मग केकॉन्फिग ‘अनमेट डायरेक्ट डिपेंडन्सीज’ असा इशारा देते खरे. पण इशारा देऊन पुढे जाते, आणि बांधणी पुढे कोठेतरी कोसळते.

म्हणूनच गाभ्याबरोबर मिळणाऱ्या मार्गदर्शक लिखाणात स्पष्ट सल्ला आहे की, सिलेक्ट जपून वापरावे. प्रश्नावलीत स्वतंत्रपणे न दिसणारे आणि स्वतःच्या अटी नसलेले असे सामायिक संग्रह निवडण्यापुरतेच ते ठेवावे. जे स्वतः दुसऱ्यावर विसंबून आहे, त्याच्याविषयी डिपेंड्स ऑनच लिहावे. एकाच गोष्टीसाठी काही ठिकाणी विनंती आणि काही ठिकाणी हुकूम अशी सरमिसळ झाली, तर कधी कधी वर्तुळच तयार होते. अ ला ब हवे, ब ला क हवे आणि अ ने क ला हुकूम सोडलेला. अशा वेळी ‘रिकर्सिव्ह डिपेंडन्सी’ सापडल्याची तक्रार येते. ते वर्तुळ तोडावयाचे असेल तर बहुधा कोठला तरी हुकूम मागे घेऊन त्याची विनंती करावी लागते.

असले तर बरोबर, नसले तरी चालेल

आतापर्यंतच्या अटी सक्तीच्या होत्या. परंतु व्यवहारात आणखी एक प्रकार वारंवार येतो. एखादी गोष्ट असली तर ड्रायव्हर तिचा उपयोग करून घेतो, नसली तर तिच्यावाचून चालवून घेतो. ही अट लिहावयाची कशी? नुसते डिपेंड्स ऑन लिहिले तर ती सक्तीची होते. काहीच लिहिले नाही, तर ड्रायव्हर वाय आणि ती गोष्ट एम अशी घातक जोडी जुळण्याचा धोका राहतो.

यावर शोधलेली युक्ती मोठी मनोरंजक आहे. अट अशी लिहितात : ‘डिपेंड्स ऑन ग किंवा ग-नाही’. तर्कशास्त्राच्या पहिल्या धड्यात शिकलेला मनुष्य हे वाचून हसेल. ‘पाऊस पडेल किंवा पडणार नाही’ या वाक्याप्रमाणे हे विधान नेहमीच खरे, मग ते लिहावयाचे कशाला? परंतु येथे उत्तरे दोन नसून तीन आहेत, हे विसरून चालणार नाही. केकॉन्फिगमध्ये एन म्हणजे ०, एम म्हणजे १, वाय म्हणजे २. ‘किंवा’ म्हणजे दोहोंतील मोठी संख्या, ‘आणि’ म्हणजे दोहोंतील लहान संख्या, आणि ‘नाही’ म्हणजे २ मधून ती संख्या वजा करणे.

आता हिशेब करून पाहू. ग वाय असेल, तर ग म्हणजे २, ग-नाही म्हणजे ०. मोठी संख्या २. ड्रायव्हराला वाय होण्याची मुभा. ग एन असेल, तर ग म्हणजे ०, ग-नाही म्हणजे २. मोठी संख्या पुन्हा २. ड्रायव्हराला पुन्हा पूर्ण मुभा, कारण ग नाहीच. परंतु ग एम असेल, तर ग म्हणजे १ आणि ग-नाही म्हणजेही १. मोठी संख्या १. ड्रायव्हर एमपेक्षा पक्का होऊ शकत नाही. निरर्थक वाटणाऱ्या त्या एका ओळीने नेमकी घातक जोडी तेवढी वगळली, आणि बाकीच्या सर्व मोकळ्या ठेवल्या.

घड्याळाची गोष्ट

हा सारा प्रश्न पुस्तकी नाही, हे दाखवण्यासाठी एक घडलेला प्रसंग सांगतो. कारखान्यांतील यंत्रे, दूरध्वनीची केंद्रे किंवा वीजवहनाची केंद्रे यांना जाळ्यातील सर्व घड्याळे एका सेकंदाच्या दशलक्षांश भागापर्यंत जुळवून ठेवावी लागतात. यासाठी पीटीपी नावाची पद्धत आहे, आणि पुष्कळ इथरनेट कार्डांतच तसे घड्याळ बसवलेले असते. पूर्वी अशा कार्डांचे ड्रायव्हर पीटीपीला सिलेक्टने निवडीत, म्हणजे हुकूम सोडीत. पुढे अगदी लहान उपकरणांसाठी गाभा छाटण्याचा प्रयत्न सुरू झाला. काही कालमापक सोयी काढून टाकाव्यात, असे त्यात ठरले. पण पीटीपीला त्या सोयी लागतात आणि ड्रायव्हर तर पीटीपीचा हुकूम सोडून बसलेले. कार्ड हवे तर घड्याळ घ्याच, आणि घड्याळ हवे तर बाकीचा पसाराही घ्या, असा पेच पडला.

त्यावर निकोलस पित्र याने ‘इम्प्लाय’ हा नवा शब्द सुचवला, आणि २०१७ च्या फेब्रुवारीत निघालेल्या ४.१० या आवृत्तीत तो आला. इम्प्लाय म्हणजे सौम्य शिफारस. ड्रायव्हर निवडला की घड्याळही आपोआप सुचवले जाते, परंतु कर्त्याला ते नाकारता येते. प्रारंभी या शिफारशीत एक संरक्षण होते. ड्रायव्हर वाय असेल तर घड्याळ वाय तरी असावे किंवा एन तरी. मधले एम त्याला घेता येत नसे. २०२० मध्ये ते बंधन उठवण्यात आले. बंधन उठताच जुना रोग पुन्हा डोके वर काढू शकत होता, आणि तसेच झाले. इंटेलच्या ‘आईस’ नावाच्या ड्रायव्हराची बांधणी काही विशिष्ट निवडींत लिंकरच्या पायरीवर फसू लागली. शिफारस म्हणजे अट असा अनेकांनी समज करून घेतला होता. तो समज चुकीचा होता.

शेवटी आर्न्ड बर्गमन याने २०२१ मध्ये हा गुंता सोडवला. त्याने एक नवीन, प्रश्नावलीत न दिसणारी नोंद केली. घड्याळ नसेल तर या नोंदीचे मूल्य वाय, आणि असेल तर घड्याळाचे जे मूल्य तेच. इथरनेटच्या अनेक ड्रायव्हरांनी शिफारस सोडून या नोंदीवर डिपेंड्स ऑन लावले. वर ज्याचा हिशेब केला, तीच ‘ग किंवा ग-नाही’ ही युक्ती. फक्त तिला एक नाव मिळाले, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरकाराने ती नव्याने शोधावयास नको. ३१ ऑक्टोबर २०२१ रोजी निघालेल्या ५.१५ या आवृत्तीत ही दुरुस्ती आहे. हुकूम, मग शिफारस, आणि शेवटी नीट मांडलेली अट, असा हा प्रवास आहे. त्यातून निघणारा बोध एवढाच की, शब्द सौम्य केल्याने परावलंबन नाहीसे होत नाही. ते जसे आहे तसे लिहून ठेवावे लागते.

गुंता सोडवण्याची रीत

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आपले कार्ड चालत नाही, किंवा बांधणी फसते, अशा वेळी काय करावे?

पहिली गोष्ट, दोष कोणत्या पायरीवर प्रकट झाला ते पाहावे. प्रश्नावली भरताना इशारा आला, लिखाणाचे भाषांतर होताना अडले, लिंकरने तक्रार केली, की सारे बांधून झाल्यावर यंत्र चालू करताना कार्ड दिसेना? या चार जागांचे रोग निरनिराळे आहेत, आणि एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही.

दुसरी गोष्ट, ‘मेनूकॉन्फिग’ या प्रश्नावलीत तिरपी रेघ दाबून ड्रायव्हराचे नाव शोधावे. जो प्रश्न यादीत दिसत नाही, तोही या शोधात सापडतो. तेथे त्याची प्रत्येक अट आणि तिचे आजचे मूल्य लिहिलेले असते. त्याला कोणी हुकमाने निवडले आहे, तेही असते. त्या अटींपैकी जिचे मूल्य एन आहे तिच्याकडे जावे. मग तिच्या अटी पाहाव्यात. असे वर वर चढत जाऊन पहिला एन जेथे भेटेल, तेथे खरा अडथळा आहे. पाणचक्कीच्या भाषेत सांगावयाचे, तर जात्यापासून झऱ्याकडे चालत जावे आणि नळ जेथे कोरडा लागेल तेथे थांबावे.

तिसरी गोष्ट, निवडी ज्या धारिकेत साठवल्या जातात ती हाताने खरडू नये. तीत ड्रायव्हरापुढे वाय लिहून टाकले की काम झाले, असे पुष्कळांना वाटते. पण पुढच्या बांधणीच्या प्रारंभी केकॉन्फिग सारे पुन्हा तपासते, आणि जिची अट पुरी नाही ती ओळ निमूटपणे काढून टाकते. मनुष्य मात्र आपण ती लिहिली होती या खात्रीत राहतो. म्हणून बदल केल्यावर जुनी व नवी धारिका शेजारी ठेवून काय टिकले आणि काय गळले, ते ताडून पाहावे.

चौथी गोष्ट, आपल्या यंत्रापुरता आटोपशीर गाभा हवा असेल तर ‘लोकलमॉडकॉन्फिग’ नावाची सोय आहे. सध्या यंत्रात जी मॉड्यूले चालू आहेत, तेवढीच ती ठेवते. ही सोय उत्तम. पण त्या दिवशी जे उपकरण जोडलेले नव्हते, त्याचा ड्रायव्हर तीत येत नाही. वायफायची चकती खिशात ठेवून ही आज्ञा चालवली, तर पुढे तिच्यासाठी दुभाषा मिळणार नाही.

पाचवी गोष्ट बांधणीनंतरची. मॉड्यूले तयार झाली तरी ती योग्य क्रमाने आत यावी लागतात. कोणते मॉड्यूल कोणावर अवलंबून आहे, याची यादी ‘डेपमॉड’ करून ठेवते, आणि ‘मॉडप्रोब’ त्या यादीप्रमाणे आधी ते, मग हे असे आत आणते. परंतु यंत्र सुरू होताना प्रथम एक छोटी तात्पुरती शिदोरी उघडली जाते. तिला इनिटरॅमएफएस म्हणतात. तीत मुख्य ड्रायव्हर घातला आणि त्याचा साथीदार राहिला, तर कार्ड जागे होत नाही. आर ८१६९ च्या बाबतीत हे इतक्या वेळा होऊ लागले की, फायचा खास दुभाषा सापडला नाही तर रिअलटेकचे मॉड्यूल त्या शिदोरीत घालून पाहा, असे सुचवणारा संदेशच त्या ड्रायव्हरात लिहून ठेवला आहे. दोष सांगताना उपायाची दिशाही सांगणारा हा संदेश म्हणजे चांगल्या कारागिरीचा नमुना आहे.

सर्व जोड्या तपासता का येत नाहीत?

एवढे सारे यंत्रानेच का पाहू नये, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर संख्येत आहे. तीन उत्तरांचे केवळ १०० स्वतंत्र प्रश्न धरले, तरी निवडींच्या तऱ्हा मोजणारी संख्या ४८ अंकी होते. येथे तर प्रश्न हजारोंनी आहेत. अनेक अटी एकाच वेळी पाळणारी निवड शोधणे हे मुळातच किती अवघड आहे, याचे गणिती स्वरूप स्टीफन कुक याने १९७१ मध्ये दाखवून दिले आहे. म्हणून व्यवहारात परीक्षक काही ठरावीक टोके घेतात. सारे वाय करून पाहतात, सारे एम करून पाहतात, आणि स्वैरपणे फासे टाकावेत तशा निवडी करूनही रात्रंदिवस बांधण्या करतात. दुसऱ्या जातीच्या यंत्रांसाठी असलेल्या ड्रायव्हरांचेही निदान भाषांतर तरी होते का, हे पाहता यावे म्हणून २०१३ मध्ये ‘कंपाइल टेस्ट’ नावाची एक नोंदही घातली गेली. या मार्गाने पुष्कळ दोष उघडे पडतात, तरी सगळे पडत नाहीत.

राहिलेले दोष कोणाच्या वाट्याला येतात? ज्यांच्या निवडी सर्वांसारख्या आहेत, त्यांच्या वाट्याला क्वचित. कारण ती वाट हजारोंनी तुडवून सपाट केलेली असते. ज्याचे यंत्र जुने आहे, ज्याचे कार्ड विचित्र आहे, ज्याला थोड्या स्मरणात लहान गाभा बसवावयाचा आहे, अशा आडवाटेच्या माणसाला ते भेटतात. म्हणून अटी अचूक लिहिणे हे केवळ नीटनेटकेपणाचे काम नाही. हुकूम सोडणाऱ्याला सोय होते आणि तिची किंमत आडवाटेचा मनुष्य भरतो, हे आम्हांला या विषयातील सर्वांत महत्त्वाचे सत्य वाटते.

मराठवाड्याच्या दृष्टीने ही गोष्ट दूरची नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, आणि तिच्या पुढची प्रणाली अनेक जुन्या यंत्रांना स्वीकारीत नाही. शाळांतून, वाचनालयांतून, लहान कारखान्यांच्या कचेऱ्यांतून अशी यंत्रे धडधाकट स्थितीत उभी आहेत. ती भंगारात काढावयाची, की लिनक्स घालून आणखी काही वर्षे राबवावयाची, हा पैशाचा आणि शहाणपणाचा प्रश्न आहे. बहुतेकांना यासाठी गाभा स्वतः बांधावा लागणार नाही, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तयार गाभा पुरतो. परंतु दहांतले एखादे यंत्र अडतेच, आणि ते बहुधा नेटवर्कच्या दारातच अडते. त्या वेळी जवळपास कोणीतरी असा हवा की जो ‘चालत नाही’ या दोन शब्दांवर न थांबता ‘कशावाचून चालत नाही’ असे विचारील.

असा मनुष्य घडवावयास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. या शहरात विद्यापीठ आहे, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, विद्यापीठाच्या आवारात ‘नायलिट’चे केंद्र आहे. त्यांतील विद्यार्थ्याने एखादे जुने यंत्र घेऊन स्वतः गाभा बांधावा, मुद्दाम एक अट मोडावी आणि काय कोसळते ते पाहावे. एका सुट्टीत होण्यासारखे हे काम आहे. त्यात एखाद्या ड्रायव्हराच्या नोंदीतच चूक आढळली, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकारही त्याला आहे. कोणता भाग कोणाच्या देखरेखीखाली आहे याची यादी गाभ्याच्या लिखाणातच असते. दुरुस्ती पुष्कळदा एका ओळीची असते, पण ती का हवी, हे चार वाक्यांत पटवून द्यावे लागते. ओळ लिहिणाऱ्याची पदवी कोणी विचारीत नाही, कारण तपासतात. ती ओळ स्वीकारली गेली, तर ती जगातील असंख्य यंत्रांत जाऊन बसते.

आपण सारेच कोणा ना कोणावर विसंबून असतो, यात कमीपणा नाही. दोष विसंबण्यात नसून ते न सांगण्यात, किंवा पाणी न पाहता चाक फिरवण्याचा हुकूम सोडण्यात आहे. आपल्याला काय हवे, कशावाचून चालणार नाही आणि कशावाचून चालवून घेता येईल, एवढ्या तीन गोष्टी ज्याने स्वच्छ लिहून ठेवल्या, त्याचा ड्रायव्हर अनोळखी यंत्रातही सुखाने नांदतो.